कर्णधार पंचकुल्याला निवृत्त झाला

१८ डिसेंबर २०१८ ला पंतप्रधान कल्याणात आले आणि ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोची पायाभरणी करून गेले. त्यानंतर भिवंडीच्या धामणकर नाक्यावर दुसरा विषयच नव्हता. खांब कुठे उभे राहणार, रस्ता किती वर्षं उकरलेला राहणार, कुणाकुणाची दुकानं जाणार, स्टेशन नाक्याच्या अलीकडे होणार की पलीकडे. पायाभरणीच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, हरियाणातल्या पंचकुल्याला भारताचा माजी कर्णधार अनुप कुमारने कबड्डीतून निवृत्ती जाहीर केली. आमच्यापर्यंत ती बातमी मोबाइलवर आली, चार ओळींत, आणि मेट्रोच्या गलक्यात बुडून गेली.

ती तशी बुडाली याची रुखरुख मला अजून आहे. या माणसाच्या चढाईला इथे श्वास रोखले जायचे. तो खेळ सोडून गेला तेव्हा त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला आम्हाला एक संध्याकाळसुद्धा मिळाली नाही. आवडता खेळाडू निवृत्त होतो तेव्हा चाहत्याचं नेमकं काय जातं, हे मी त्या बुधवारपासून स्वतःला विचारत आलो आहे.

ठाण्याहून काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा करत भिवंडीत शिरलं की धामणकर नाका लागतो. गोदामांकडे जाणारे ट्रक, तागे लादलेले टेम्पो, रिक्षा आणि मधूनच वाट काढणारी माणसं. गल्लीत वळलं की यंत्रमागांची खडखड सुरू होते. बारा-बारा तासांच्या पाळ्या. मागांवर उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, जवळच पद्मानगरात तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेला पद्मशाली विणकर समाज, आणि शहराला वेढून आगरी-कोळ्यांची गावं: काल्हेर, कशेळी, राहनाळ, दापोडे, माणकोली. ही गावं आज देशभर ओळखली जातात ती गोदामांमुळे. त्याआधी ती भाताची गावं होती आणि भात कापून झाला की कबड्डीची. रिकाम्या शेतात ढेकळं फोडून, माती चाळून मैदान आखलं जायचं. जत्रेला, शिवजयंतीला रात्रीचे सामने व्हायचे, हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात. कडेला बायामाणसं, पोरंटोरं, बांधावर बसलेले म्हातारे. ज्यांचे गुडघे कधीच गेले होते ते म्हातारे कोपऱ्यावरच्या पोराला ओरडून सांगत, घाई करू नको, त्याला आत येऊ दे.

शेतांवर गोदामं उभी राहिली आणि मैदानं आक्रसली. कबड्डी मात्र गावातून गेली नाही. दुसऱ्या कुठल्या खेळाने या माणसांना इतक्या कमी पैशांत इतका मान दिला असता, असं मला वाटत नाही.

अशा ठिकाणी २६ जुलै २०१४ च्या रात्री टीव्हीवर कबड्डी आली. वरळीच्या डोममध्ये यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स, प्रो कबड्डीचा पहिलाच सामना. निळसर उजेड, मॅट, बूट घातलेले खेळाडू, संथ फेरदर्शनात दिसणारी घोट्याची पकड. आपल्या जत्रेतला खेळ इतका देखणा दिसू शकतो याचा पहिला आनंद काही वेगळाच होता. मुंबईने तो सामना ४५–३१ असा जिंकला. त्या हंगामात ही स्पर्धा देशभरात मिळून ४३ कोटींहून अधिक लोकांनी पाहिली, असं नंतर जाहीर झालं. आकडा मोठा होता, पण भिवंडीत राहणाऱ्याला त्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं.

नाक्यावर मग निष्ठा वाटल्या गेल्या, त्याही आपापल्या मुळांप्रमाणे. पद्मानगरात तेलुगू टायटन्स आणि राहुल चौधरी. बिहारी कामगारांचं पाटणा पायरेट्स. पुढे २०१७ मध्ये यूपी योद्धा आल्यावर गोरखपूर-आझमगडकडच्या पोरांनाही आपलं घर मिळालं. गावांतल्या पोरांसाठी केशरी जर्सी, यू मुंबा. त्या केशरी जर्सीचा कर्णधार होता हरियाणाचा, गुडगावजवळच्या पालरा गावचा अनुप कुमार.

हे कसं घडलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. आमच्या भागाला कबड्डीतला परका माणूस सहज रुचत नाही. महाराष्ट्राने या खेळाला वळण लावलं, शंकरराव उर्फ बुवा साळवींनी तो देशभर आणि देशाबाहेर नेला, त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. ‘कबड्डी आमची’ हा अभिमान इथे रक्तात आहे. त्यामुळे हरियाणाचे, रेल्वेचे, सेनादलाचे खेळाडू आमच्या राज्याच्या संघाला वर्षानुवर्षं हरवत आले याची सलही तितकीच खोल आहे. तरी पालऱ्याच्या या माणसाला पहिल्या हंगामातच भिवंडीच्या पोरांनी आपला मानला.

कारण त्याचा खेळ. चढाईपटू म्हटला की मांड्या थोपटणारा, बचावफळीवर तुटून पडणारा गडी डोळ्यांपुढे येतो. अनुप तसा नव्हता. तो मध्यरेषा ओलांडायचा ते फिरायला निघाल्यासारखा. चेहऱ्यावर काही नाही. डाव्या कोपऱ्याकडून उजव्याकडे एक फेरी, पुन्हा परत. समोर सहा किंवा सात बचावपटू असले की बोनस रेषा खुली असते. रेषेपलीकडे एक पाय पूर्ण टेकायचा, त्या क्षणी दुसरा पाय हवेत हवा, आणि तेवढ्यात घोटा धरला गेला नाही तर गुण. सगळ्या मैदानाला ठाऊक असायचं की हा बोनस घेणार. कोपरारक्षकालाही ठाऊक असायचं. तरी तो घ्यायचा. पाय आत गेलेला दिसायचा तेव्हा तो परत आलेला असायचा. त्याला ‘बोनसचा बादशाह’ म्हणत ते उगाच नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट होती ती त्याचं संघ मागे पडल्यावरचं वागणं. सात-आठ गुणांनी मागे असताना दुसरा कर्णधार पोरांवर ओरडला असता. अनुप कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. एक रिकामी चढाई करून यायचा, मग आणखी एक, सामन्याचा वेग आपल्या हातात घ्यायचा आणि मग तिसऱ्या, करो या मरोच्या चढाईला रिशांक देवाडिगाला नाहीतर शब्बीर बापूला पुढे पाठवायचा. स्वतःचा गुण सोडून दुसऱ्याला पुढे करणारा कर्णधार गावच्या कबड्डीत फार मानाचा असतो. म्हाताऱ्यांनी त्याला तिथेच ओळखलं.

कबड्डीत बाद झालेला गडी बाकावर जातो आणि आपल्या संघाने गुण मिळवला की जिवंत होऊन परततो. अनुप बाद झाला तर आम्ही घाबरायचो नाही. येईल. एक पकड झाली की येईल. पाहणाऱ्याच्या मनाला ही सवय फार घट्ट लागते. पाच हंगाम आम्ही त्याच्या जिवंत होण्याची वाट पाहत बसलो आणि तो दर वेळी आला. त्या बुधवारी बातमी वाचल्यावर पहिल्यांदा मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. डोकं आपलं वाटच पाहत होतं. बाद झालाय ना, येईल. निवृत्तीचा अर्थ मनात उतरायला त्यामुळे आठवडे लागले.

त्या पाच हंगामांत मुंबईने आम्हाला काय दिलं? पहिल्या हंगामात थेट अंतिम फेरी, तीही घरच्या मैदानावर, आणि तिथे ३१ ऑगस्ट २०१४ ला जयपूरकडून ३५–२४ असा पराभव. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू अनुप, करंडक मात्र जयपूरचा. पुढच्या वर्षी २३ ऑगस्ट २०१५ ला पुन्हा वरळी, पुन्हा अंतिम सामना, समोर बंगळुरू बुल्स. ३६–३०. मुंबई विजेती. सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर हे दोन कोपरे, मधे जीवा कुमार, आपला विशाल माने, प्रशिक्षक ई. भास्करन. या संघाचं नुसतं नाव घेतलं तरी इथली माणसं आजही सावरून बसतात. तिसऱ्या हंगामात सलग तिसरी अंतिम फेरी, ५ मार्च २०१६, दिल्ली, आणि पाटण्याकडून ३१–२८ अशी हार. त्या रात्री बिहारी कामगारांनी आनंद केला आणि आम्ही त्यांच्याकडे पाहून कसंबसं हसलो. एकाच गल्लीत हार आणि जीत दोन्ही राहत असल्या की माणसं एकमेकांशी जपून वागायला शिकतात. धामणकर नाक्याने ते शिकवलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला विश्वचषक झाला. अनुप भारताचा कर्णधार. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ३४–३२ अशी हार झाली. घरच्या मैदानावर, कबड्डीत, भारत हरतो म्हणजे काय हे शब्दांत सांगणं कठीण आहे. तरीही भारताने अंतिम सामना गाठला, आणि तिथे, २२ ऑक्टोबरला, इराणसमोर पहिल्या सत्राअखेर भारत १३–१८ असा मागे होता. मग अजय ठाकूर पेटला आणि सामना ३८–२९ असा आपला झाला. गुण अजयचे होते. पण मागे असतानाच्या त्या वेळात कॅमेरा जितक्या वेळा कर्णधाराकडे गेला, तितक्या वेळा तोच ओळखीचा चेहरा दिसला, काहीही न बिघडल्यासारखा. आम्हाला त्या चेहऱ्याचा आधार होता. चाहता खेळाडूकडून नेमकं काय घेतो, याचं उत्तर माझ्यापुरतं त्या चेहऱ्यात आहे. गुणांची नोंद कुठेही सापडते. संकटात माणसाने कसं उभं राहावं, हे दर आठवड्याला डोळ्यांनी बघायला मिळणं ही वेगळी चीज आहे. सुताचे भाव कोसळलेले, वीजबिलं थकलेली, माग भंगारात काढावे लागलेले असे कितीतरी महिने या शहराने पाहिले. त्या महिन्यांतही संध्याकाळी तो कमरेवर हात ठेवून उभा असायचा.

२०१८ च्या लिलावात चित्र पालटलं. सहाव्या हंगामाआधी खेळाडू पहिल्यांदा कोटीच्या घरात गेले. मोनू गोयतला हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख दिले. मुंबईने इराणच्या फझल अत्राचलीसाठी १ कोटी मोजले. अनुप कुमार ३० लाखांत जयपूरकडे गेला. ज्या जयपूरविरुद्ध त्याने केशरी जर्सीत पहिला सामना आणि पहिली अंतिम लढत खेळली, त्यांच्याच गुलाबी जर्सीत तो आता उतरणार होता. लिलाव हा लिलाव असतो, संघाला पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा लागतो, ३४ वर्षांच्या चढाईपटूवर कोण किती लावणार? हे सगळं मला पटतं. तरी त्या दिवशी काहीतरी तुटलं. मुंबई आणि जयपूर एकाच गटात होते, म्हणजे ते समोरासमोर येणार हे ठरलेलं. ज्या पायाच्या हालचाली आम्हाला पाठ होत्या, त्याच पायाला आपल्या कोपऱ्याने धरावं अशी इच्छा करायची? मला ते जमलं नाही. त्याने बोनस घ्यावा आणि मुंबईने जिंकावं, असं काहीतरी अशक्य मी मागत राहिलो.

आणि मग नवा गडी आला. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई, यू मुंबाकडून पहिलाच हंगाम, अंगात हत्तीचं बळ. तीन-तीन बचावपटूंना ओढत मध्यरेषेवर आणणारा. त्या हंगामात त्याने दोनशेहून अधिक चढाई गुण मिळवले. नाक्यावर ‘देसाई, देसाई’ सुरू झालं आणि त्या आवाजात माझाही आवाज होता. आवडता माणूस अजून मैदानात असताना, दुसऱ्या जर्सीत का होईना, नव्यावर जीव जडणं ही चाहत्याच्या मनातली सर्वांत अवघड गोष्ट असावी. त्यात फितुरी नाही हे कळतं. तरी वाटतं. पुढच्या लिलावात सिद्धार्थ १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला, म्हणजे आमच्या हिशेबाने पद्मानगरला. तिथल्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या आनंदात मला पाच वर्षांपूर्वीचे आम्ही दिसलो.

सहाव्या हंगामातला मुंबईचा टप्पा नोव्हेंबरमध्येच आटोपला होता. डिसेंबरात पंचकुल्याला घोषणा झाली. ती केली तेव्हा अनुप ३५ वर्षांचा होता. कबड्डी आधी छंद म्हणून, वेळ घालवायला सुरू केली आणि हळूहळू तीच आयुष्य झाली, अशा अर्थाचं तो बोलला. त्या दिवशी त्याच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता, म्हणून हा दिवस निवडला, असंही त्याने सांगितलं. दोन आशियाई सुवर्णपदकं, २०१० आणि २०१४ ची. २०१२ चा अर्जुन पुरस्कार. विश्वचषक. प्रो कबड्डीत जवळपास सहाशे गुण. एवढ्या कारकिर्दीवर त्याने साध्या शब्दांत पडदा ओढला. त्याच्या स्वभावाला ते शोभलं. त्या हंगामात ज्यांनी त्याला पाहिलं त्यांना मात्र आपण त्याला शेवटचं पाहतो आहोत हे माहीतच नव्हतं. माहीत असतं तर निराळ्या डोळ्यांनी पाहिलं असतं.

सचिनच्या वेळी माहीत होतं. १० ऑक्टोबर २०१३ ला त्याने सांगितलं की दोनशेवी कसोटी शेवटची, आणि ती १४ नोव्हेंबरला वानखेडेवर सुरू झाली. महिनाभर आधी कळलं होतं. महिनाभर लोक बोलले, भांडले, जुने सामने आठवले, तिकिटांसाठी धडपडले. त्याची आई रजनीताई पहिल्यांदा मैदानात येऊन त्याचा खेळ पाहणार होती, हे घराघरांत ठाऊक होतं. तो ७४ वर बाद झाला आणि शतक हुकल्याचं वाईट वाटून घ्यायलाही लोकांना सोबत होती. शेवटच्या दिवशी हातातल्या कागदावरची नावं वाचत तो बोलला, खेळपट्टीपाशी जाऊन वाकला, आणि भिवंडीपासून भंडाऱ्यापर्यंत माणसं एकाच वेळी रडली. दुकानात, बँकेत, पानाच्या गादीवर, मोठे मोठे बाप्ये डोळे पुसत होते आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही. दुःख तेवढंच होतं. सगळ्यांनी मिळून एका वेळी केल्याने ते पेलवलं.

ते इतकं खोल गेलं होतं की चार वर्षांनी त्याचा उद्रेक झाला, तोही आमच्याच बाजूच्या पोरावर. पालघरचा शार्दूल ठाकूर, लोकलने तासन् तास प्रवास करून क्रिकेट शिकलेला, २०१७ मध्ये श्रीलंकेत पहिला एकदिवसीय सामना खेळायला उतरला तो १० क्रमांकाची जर्सी घालून. लोक त्याच्यावर तुटून पडले. पोराचा काही दोष नव्हता. त्याने पुढे ५४ क्रमांक घेतला आणि १० पुन्हा कुणाच्या पाठीवर दिसला नाही. शार्दूलसाठी मला वाईट वाटलं. पण त्या रागामागची माणसंही मला कळतात. खेळाडू गेला तरी त्याची जागा गेलेली नाही, एवढंच त्यांना कुणीतरी मान्य करायला हवं होतं.

बास्केटबॉलवाल्यांनी याची रीतच घालून ठेवली आहे. मोठा खेळाडू गेला की त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत, जर्सी स्टेडियमच्या छताला टांगतात. आमच्याकडे बास्केटबॉल म्हटलं की मुंबईत नागपाडा, मस्तान वायएमसीएचं मैदान आणि भारताचे कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुन्तसिर. भिवंडीचं नागपाड्याशी नातं जुनं आहे, सोयरिकीचं आणि धंद्याचंही. त्यामुळे इथल्या काही गल्ल्यांत पहाटे उठून अमेरिकेतले सामने बघणारी पोरं सापडतात. कोबी ब्रायंटचा शेवटचा हंगाम त्यांनी तसाच पाहिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याने बास्केटबॉललाच उद्देशून कवितेसारखं पत्र लिहून सांगितलं की ही शेवटची पाळी. मग अख्खा हंगाम प्रत्येक शहराने त्याला निरोप दिला, ज्या शहरांनी त्याला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या त्यांनीसुद्धा. त्याचा संघ त्या हंगामात ८२ पैकी फक्त १७ सामने जिंकला. कुणी तक्रार केली नाही. १३ एप्रिल २०१६ ला, अखेरच्या सामन्यात, ३७ वर्षांच्या, दुखापतींनी मोडलेल्या त्या माणसाने ५० वेळा बास्केटवर नेम धरला, ६० गुण केले आणि सामना जिंकून दिला. त्याचे ८ आणि २४ हे दोन्ही क्रमांक लेकर्स संघाने कायमचे उतरवून ठेवले. जानेवारी २०२० मध्ये तो आणि त्याची तेरा वर्षांची मुलगी हेलिकॉप्टर अपघातात गेले तेव्हा, ज्यांनी त्याला चार वर्षांपूर्वी मनसोक्त निरोप दिला होता त्यांच्याजवळ निदान तेवढं तरी होतं.

मायकेल जॉर्डनची गोष्ट याच्या उलट. १९९३ मध्ये तो निवृत्त झाला, जर्सी छताला लागली, आणि १९९५ मध्ये तो परत आला. बाद झालेला गडी जिवंत झाला. चाहत्याच्या मनात जी वेडी आशा असते ती त्याच्यापायी खरी ठरली, आणि जगभरच्या चाहत्यांना ती कायमची लागली.

मग आमच्या गावांत जुन्या खेळाडूंना निरोप का नव्हता? विचार करताना लक्षात आलं की तिथे निवृत्तीच नव्हती. गावचा चढाईपटू एका दिवसात थांबत नसे. पहिल्या संघातून दुसऱ्या संघात, मग गरजेपुरता राखीव, मग पोरांना शिकवायला, मग गळ्यात शिट्टी अडकवून पंच, आणि शेवटी स्पर्धेच्या दिवशी मैदानालगत मांडलेल्या खुर्चीवर, नारळ वाढवायला. लोकांच्या नजरेआड तो कधी जातच नसे. त्याच्या चढाया थांबल्या तरी त्याचा आवाज मैदानावर असे. वीस वर्षांपूर्वी त्याने कुणाची पकड कशी फोडली, हे त्याच्यादेखत पोरांना सांगितलं जाई आणि तो मान हलवी. चाहत्याचं काही जायचंच नाही. आजच्या खेळाने खेळाडूला पैसा दिला, नाव दिलं, चांगले डॉक्टर दिले, आणि मी त्यासाठी मनापासून कृतज्ञ आहे. पण आपला माणूस पंधराशे किलोमीटरवर राहतो आणि लिलावात दुसरीकडे जातो, तेव्हा ती खुर्ची मांडायची कुठे?

बायकांच्या कबड्डीकडे पाहिलं तर मला माझ्या दुःखाची लाज वाटते. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने प्रत्येकीला १ कोटी रुपये दिले, हे चांगलंच केलं. पण त्यांना टीव्हीवर दर आठवड्याला बघण्याची सवय या राज्याला लागलीच नाही. २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा पुरुषांच्या लीगसोबत झाली, अभिलाषा तिथे एका संघाची कर्णधार होती, आणि ती स्पर्धा पुढच्या वर्षी आली नाही. आमच्या भागातल्या किती मुली तिच्यासारखं खेळू पाहतात हे मैदानांवर दिसतं. त्यांना लाडका खेळाडू निवृत्त झाल्याचं दुःख करायचीसुद्धा संधी नाही, कारण आधी डोळे भरून पाहायलाच मिळालं नाही.

२०१९ मध्ये अनुप परतला, पुणेरी पलटणचा प्रशिक्षक म्हणून. मुंबईचा कर्णधार पुण्याकडे! नाक्यावर हा मोठाच विषय झाला, या वेळी मेट्रो मागे पडली. त्या संघात कल्याणचा गिरीश इर्नाक होता, आमच्या शेजारचा, डाव्या कोपऱ्यावरून झेपावणारा. २७ जुलैला वरळीच्या डोममध्ये मुंबई–पुणे सामना लागला. विराट कोहली पाहुणा म्हणून आला होता, पण मी पाहत होतो पुण्याच्या बाकाकडे. मुंबईने ३३–२३ असा सामना जिंकला. मी मुंबईकडून ओरडलो आणि दर पाच मिनिटांनी त्याचा चेहरा शोधला. तो चेहरा तसाच होता. संघ मागे पडलेला, हा शांत. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की गावची रीत पुरती मोडलेली नाही, खुर्ची फक्त दुसऱ्या गावाच्या मैदानालगत मांडली गेली आहे.

आता धामणकर नाक्यावर मेट्रोचे खांब उभे आहेत आणि पहिल्या टप्प्यातलं अखेरचं स्टेशन इथेच आहे. माझी एक मागणी आहे आणि ती मी इथे लिहून ठेवतो. वरळीला एका संध्याकाळी २०१५ चा तो संघ बोलवावा. रिशांक, शब्बीर, नाडा, छिल्लर, जीवा, विशाल, भास्करन सर. केशरी जर्सी द्यावी. पाचच मिनिटांचा खेळ ठेवावा, गुण मोजू नयेत. अनुपने एक चढाई करावी, समोर सात गडी असू द्यावेत, म्हणजे बोनस खुला राहील. आम्ही इथून बसा करून येऊ. काल्हेर-कशेळीची पोरं येतील, पद्मानगरचे येतील, पाळी बदलून मागांवरचे कामगार येतील, २०१६ च्या त्या रात्री आनंद करणारे पाटण्याचे चाहतेसुद्धा येतील, मी त्यांना ओळखतो.